फेर्नांदो पेसोआ : दोन भाषांमधील एक देह

१

भाषांतरमीमांसेच्या ग्रंथांत वाक्प्रचारांचा प्रश्न बहुधा शेवटच्या प्रकरणात येतो. व्याकरण, छंद, शैली यांची चर्चा आटोपल्यावर उरलेल्या किरकोळ अडचणींत त्याची गणना होते. वस्तुतः तो पहिल्या प्रकरणात यावयास हवा, कारण भाषा आणि शरीर यांची गाठ जेथे पडते ती जागा वाक्प्रचाराची आहे. प्रत्येक भाषा आपल्या माणसाला एक वेगळा देह देते. पाठ केलेली गोष्ट इंग्रज मनुष्य हृदयात ठेवतो, आणि आपण ती तोंडात किंवा कंठात ठेवतो : तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. पोर्तुगीज माणूस अशा वेळी ‘दे कोर’ असे म्हणतो. त्यातील ‘कोर’ हा लॅटिनमधील हृदयवाचक शब्दच होय. परंतु आजच्या पोर्तुगीजमध्ये हृदयाला ‘कोरासांव’ म्हणतात, आणि त्यामुळे या प्रयोगात हृदय दडून बसले आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

मराठी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना ‘कानाडोळा करणे’ हा प्रयोग समजावून सांगण्याचा प्रसंग आला की ही अडचण प्रस्तुत लेखकाला हटकून जाणवते. इंग्रजीत अशा वेळी आंधळा डोळा पुढे करतात. परंपरा या प्रयोगाचा संबंध १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईत अंध डोळ्याला दुर्बीण लावणाऱ्या नेल्सनशी जोडते. पोर्तुगीजमध्ये ‘फाझेर व्हिश्ता ग्रोसा’, म्हणजे नजर जाड करणे, असे म्हणतात. तिघांचाही आशय एकच, पण शरीराची हालचाल मात्र तीन प्रकारची. भाषांतरकाराने आशय नेला तर देह मागे राहतो, आणि देह नेला तर आशय हरवतो.

ही कोंडी ज्याने केवळ कागदावर न सोडविता आयुष्यभर भोगली असा एक मोठा कवी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्बन शहरात होऊन गेला. फेर्नांदो पेसोआ हे त्याचे नाव. पोर्तुगीज भाषेचा आधुनिक काळातील श्रेष्ठ कवी म्हणून आज त्याची जगभर ख्याती आहे. परंतु त्याचे बहुतेक सर्व शिक्षण इंग्रजीत झाले, त्याची पोटापाण्याची विद्या इंग्रजी पत्रव्यवहाराची होती, आणि इंग्रजीतच कवी व्हावे ही महत्त्वाकांक्षा त्याने प्रदीर्घ काळ बाळगली होती. त्याचे चरित्र या एका सूत्राने वाचले असता भाषांतराच्या प्रश्नावर काही वेगळा प्रकाश पडतो असे वाटते.

२

पेसोआचा जन्म १३ जून १८८८ रोजी लिस्बनमध्ये सांव कार्लोस चौकातील एका घरात, ऑपेरागृहाच्या समोर, झाला. हा दिवस संत अँथनीचा. हा संत लिस्बनचाच, आणि त्याचे मूळ नाव फेर्नांदो. म्हणून मुलाचे नाव फेर्नांदो आंतोनियो असे ठेवण्यात आले. वडील न्यायखात्यात नोकरीस होते आणि एका प्रमुख वृत्तपत्रासाठी संगीतसमीक्षा लिहीत. मुलगा पाच वर्षांचा असतानाच, १८९३ च्या जुलै महिन्यात, ते क्षयाने वारले. पुढील वर्षाच्या आरंभी धाकटा भाऊही गेला. आई मारिया मादालेना ही आसोरेस द्वीपसमूहातील तेर्सेइरा बेटावरची सुशिक्षित स्त्री. तिने १८९५ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पोर्तुगालचा वकील म्हणून नेमणूक झालेल्या जुआंव मिगेल रोझा याच्याशी, तो दूरदेशी असतानाच, प्रतिनिधीमार्फत विवाह केला. १८९६ च्या जानेवारीत आई आणि मुलगा डर्बनला निघाले.

डर्बन त्या वेळी नाताळ या ब्रिटिश वसाहतीचे बंदर होते. १८६० पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आणलेल्या हिंदी लोकांची मोठी वस्ती तेथे झालेली होती. १८९७ च्या जानेवारीत गांधीजी जहाजावरून उतरले तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला तो याच शहरात. पेसोआ तेव्हा आठ वर्षांचा होता. या जमावाची त्याच्या मनावर काही मुद्रा उमटली की नाही हा तर्काचा विषय ठरेल. मात्र पुढे त्याच्या अप्रकाशित कागदांत गांधीजींविषयी एक अत्यंत आदराचे टिपण सापडले, हे भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कॉन्व्हेंट शाळेत पाच वर्षांचा अभ्यास त्याने तीन वर्षांत पुरा केला, आणि १८९९ मध्ये तो डर्बन हायस्कूलमध्ये दाखल झाला. घरात पोर्तुगीज आणि घराबाहेर इंग्रजी अशी ही विभागणी होती. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्याची इंग्रजी ही खेळाच्या मैदानावर, भांडणात, बाजारात मुरलेली इंग्रजी नव्हती. ती मुख्यतः पुस्तकांची इंग्रजी होती. शेक्सपीअर, मिल्टन, कीट्स, शेली हे त्याचे खरे सवंगडी, आणि डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ हे त्याचे जन्मभराचे सोबती. ज्या इंग्रजीला हातपाय होते ती त्याला डिकन्सच्या पानांतून भेटली.

१९०३ साली केप ऑफ गुड होप विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसलेल्या ८९९ विद्यार्थ्यांत उत्कृष्ट इंग्रजी निबंधाचे राणी व्हिक्टोरिया स्मृतिपारितोषिक या पंधरा वर्षांच्या पोर्तुगीज मुलाने मिळविले. पारितोषिकादाखल घेतलेल्या पुस्तकांत एडगर ॲलन पो याचाही ग्रंथ होता. त्याचा उल्लेख पुढे येणारच आहे. पुढच्या वर्षी झालेल्या परीक्षेत नाताळमधील विद्यार्थ्यांत त्याचे गुण सर्वांत अधिक होते, आणि त्या गुणांवर इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळू शकत होती. परंतु नाताळच्या शाळेत सलग चार वर्षे शिकलेला असावा अशी अट होती, आणि मधले सुमारे एक वर्ष तो कुटुंबासह पोर्तुगालमध्ये राहिला होता. शिष्यवृत्ती दुसऱ्या विद्यार्थ्याला गेली. ऑक्सफर्डचा दरवाजा बंद झाला. १९०५ च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांचा पेसोआ एकटाच जहाजाने लिस्बनला परतला. ती अट नसती तर आधुनिक पोर्तुगीज कविता कशी झाली असती, याचा विचार मन अस्वस्थ करतो.

३

लिस्बनमध्ये त्याने साहित्याच्या उच्च अभ्यासक्रमात नाव घातले, पण १९०७ मध्ये तो अर्धवट सोडून दिला. त्याच वर्षी आजी दियोनिझिया वारली. तिच्या वारशाच्या पैशांतून त्याने छापखाना काढला. तो १९०९ मध्ये उभा राहिला आणि अल्पावधीतच बसला. त्यानंतर मृत्यूपर्यंत त्याने एकच व्यवसाय केला. लिस्बनच्या व्यापारपेठेतील निरनिराळ्या पेढ्यांसाठी तो इंग्रजी आणि फ्रेंच पत्रव्यवहार लिहून देई. ठराविक वेळेची नोकरी त्याने पत्करली नाही. आठवड्यातून काही दिवस कचेरीत जावे, पत्रांची उत्तरे टंकलिखित करावीत आणि उरलेल्या वेळी, पुष्कळदा त्याच यंत्रावर, कविता लिहावी असा त्याचा क्रम होता.

व्यापारी पत्रव्यवहार हे काम रुक्ष मानले जाते. तथापि शरीरवाचक प्रयोगांच्या दृष्टीने ते मोठे उद्बोधक आहे. त्या काळच्या इंग्रज व्यापाऱ्याला पत्र ‘हातास’ येत असे. पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या शिष्ट भाषेत तेच पत्र त्याच्या ‘सत्तेत’, म्हणजे ताब्यात, असे. इंग्रज कारखानदार मजुरांना नुसते ‘हात’ म्हणे. पोर्तुगीजमध्ये मजुरीला ‘मांव द ओब्रा’, म्हणजे कामाचा हात, म्हणतात. इंग्रजीप्रमाणे तेथेही जुना माल ‘दुसऱ्या हाताचा’ असतो. पण फुकट पदरात पडलेल्या वस्तूला पोर्तुगीज माणूस ‘चुंबिलेल्या हाताने’ मिळाली असे म्हणतो, आणि एखादी गोष्ट सोडून देणे म्हणजे ‘हात उघडणे’. हे दोन प्रयोग इंग्रजीत शब्दशः नेले तर पत्र वाचणारा गोंधळून जाईल. दोन भाषांच्या हातांमधील हा फरक सांभाळण्याचेच काम पेसोआ रोज करीत होता. हात जुळतात तेथे जुळू द्यावेत, जुळत नाहीत तेथे इंग्रजी हाताला पोर्तुगीज सत्ता म्हणावे, आणि हे करताना कोणाच्याही खिशाला तोशीस लागू देऊ नये.

याच काळात त्याच्याकडे असे एक काम आले की ज्यात हा सारा प्रश्न उघडपणे समोर उभा राहिला. लंडनमधील फ्रँक पामर हा प्रकाशक निरनिराळ्या राष्ट्रांच्या म्हणींची छोटी पुस्तके काढीत होता. पोर्तुगीज म्हणींच्या पुस्तकासाठी पेसोआने तीनशे म्हणी निवडून इंग्रजीत आणल्या. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि पुस्तक राहून गेले. ते प्रकाशात यावयास २०१० साल उजाडावे लागले.

म्हणी आणि वाक्प्रचार यांचा ज्याने दोन भाषांमध्ये असा व्यवहार केला आहे त्याला काय दिसते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ही उदाहरणे प्रस्तुत लेखकाने निवडलेली आहेत. इंग्रजीत दृष्टीआड झालेली वस्तू ‘मनाआड’ होते, तर पोर्तुगीजमध्ये ती ‘हृदयापासून दूर’ जाते. एकच अनुभव, पण इंग्रज माणूस तो बुद्धीच्या खात्यावर मांडतो आणि पोर्तुगीज माणूस हृदयाच्या. आपली ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण तर मन आणि हृदय दोन्ही वगळून थेट जगच पुसून टाकते. अव्वाच्या सव्वा किंमत सांगताना इंग्रजीचा अलीकडचा प्रयोग एक हात आणि एक पाय मागतो, पोर्तुगीज ‘चेहऱ्यावरचे डोळे’ मागते, आणि मराठी माणसाचे डोळे जागीच राहून नुसते पांढरे होतात. मत्सराने पोर्तुगीज माणसाचे कोपर दुखते, आपल्याकडे पोटात दुखते. बडबड्या माणूस पोर्तुगीजमध्ये कोपरांनी बोलतो, आपल्याकडे त्याच्या तोंडाचा पट्टा सुटतो. दुसऱ्याच्या कामात नाक मात्र तिन्ही भाषांत सारखेच खुपसले जाते. नाक हा अवयव बहुधा सर्वत्र सारखाच आगाऊ असावा.

धोका असतो तो सारख्या दिसणाऱ्या प्रयोगांत. इंग्रजीत एखादा शब्द जिभेच्या टोकावर असतो तेव्हा तो आठवत नसतो. पोर्तुगीजमध्ये ‘ना पोंता दा लिंग्वा’, म्हणजे जिभेच्या टोकावर असलेला धडा हा बहुधा पक्का पाठ असलेला धडा होय. न आठवणारा शब्द पोर्तुगालमध्ये जिभेच्या खाली जाऊन बसतो. इंग्रजीत पाय ओढणे ही निरुपद्रवी थट्टा आहे. पोर्तुगीजमध्ये त्या पायाला काहीच अर्थ उरत नाही, तेथे ओढले जातात ते कान, आणि तेही आपल्याप्रमाणे कानउघाडणी करण्यासाठी. मराठीत मात्र पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. शब्दशः भाषांतर केले तर मित्राची चेष्टा वैऱ्याचे कृत्य ठरते. अशा ठिकाणी कोश हाताशी असून भागत नाही; दोन्ही समाजांत अंगाने वावरलेला मनुष्य लागतो.

४

पेसोआ असा दोन्हीकडे अंगाने वावरलेला होता काय? त्याच्या इंग्रजी काव्याचे प्राक्तन या प्रश्नाचे उत्तर देते. कुमारवयापासून तो अलेक्झांडर सर्च या कल्पित कवीच्या नावाने इंग्रजी कविता लिहीत असे. या सर्चला त्याने चार्ल्स जेम्स नावाचा एक भाऊही दिला, आणि त्याच्याकडे काम सोपविले ते भाषांतराचे. भाषांतर करण्यासाठीदेखील ज्याला एक स्वतंत्र माणूस कल्पावा लागला, त्याला ते काम किती गंभीर वाटत असेल याची कल्पना येते. १९१७ मध्ये ‘द मॅड फिडलर’ हा इंग्रजी कवितासंग्रह त्याने लंडनच्या कॉन्स्टेबल या प्रकाशनसंस्थेकडे पाठविला. तो नाकारला गेला. १९१८ मध्ये त्याने ‘अँटिनोअस’ आणि ‘३५ सॉनेट्स’ या पुस्तिका स्वखर्चाने छापल्या. लंडनच्या टाइम्सच्या साहित्यपुरवणीने त्यांची दखल घेतली. भाषेवरील त्याच्या प्रभुत्वाविषयी परीक्षणात आश्चर्य व्यक्त झाले, पण त्याच दमात शैली शेक्सपीअरहूनही अधिक शेक्सपीअरी असल्याचे सुचविले गेले. १९२० मध्ये ‘अथीनिअम’ या नियतकालिकात एक कविता आली, आणि १९२१ मध्ये त्याने आपल्याच ‘ओलिसिपो’ या प्रकाशनातर्फे इंग्रजी कवितांच्या आणखी दोन पुस्तिका काढल्या. त्यापलीकडे इंग्लंडने त्याला ओळख दिली नाही.

या अपयशाची कारणमीमांसा समीक्षकांनी अनेक प्रकारे केली आहे. आम्हांस असे वाटते की त्याच्या इंग्रजीला बुद्धी होती, छंद होता, इतिहास होता, पण देह नव्हता. ज्या भाषेत आपण कधी ठेचाळून ओरडलो नाही, ज्या भाषेत कोणी आपले कान उपटले नाहीत, त्या भाषेत निर्दोष सुनीत लिहिता येते, पण त्या सुनीताला रक्ताचा वास येत नाही.

रक्ताचा वास त्याच्या पोर्तुगीज कवितेला आला, आणि तोही विलक्षण मार्गाने. त्याने पुढे एका पत्रात सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे ८ मार्च १९१४ या दिवशी त्याच्यातून आल्बेर्तो काएरो हा कवी प्रकट झाला, आणि पाठोपाठ रिकार्दो रेइस आणि आल्वारो द काम्पोस हे दोघे आले. हस्तलिखितांच्या अभ्यासावरून हा जन्म एका दिवसात झाला नसावा असे दिसते, परंतु त्याने कवींचे महत्त्व कमी होत नाही. ही टोपणनावे नव्हेत. या प्रत्येकाला त्याने स्वतंत्र जन्मतारीख, चेहरेपट्टी, व्यवसाय, तत्त्वज्ञान आणि भाषा दिली. आपण त्यांना भिन्ननामी कवी म्हणू. काएरो फारसे न शिकलेला, पाहणे आणि ऐकणे यापलीकडे काही न मानणारा. रेइस अभिजात वळणाचा वैद्य. काम्पोस ग्लासगोमध्ये शिकलेला नौका-अभियंता. म्हणजे मूळ कवीला न मिळालेले ब्रिटनमधील शिक्षण त्याच्या कल्पित भावाला मिळाले. काएरोचे काव्य इंग्रजी वाचकांपुढे मांडण्यासाठी थॉमस क्रॉस नावाचा भाषांतरकारही त्याने कल्पिला होता. ‘पेसोआ’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ व्यक्ती, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील मुखवट्याचा वाचक असलेला शब्द. चेहरा पाहून हृदय दिसत नाही अशी एक म्हण पोर्तुगीजमध्ये आहे. या कवीने आपले अनेक चेहरे करून ती म्हण जणू अंगी बाणविली.

१९१५ मध्ये त्याने मित्रांसह ‘ओर्फेउ’ हे त्रैमासिक काढले. त्याचे दोनच अंक निघाले, पण पोर्तुगालमधील आधुनिकतेचा आरंभ तेथून मोजला जातो. पुढील वर्षी या मित्रांतील मारिओ द सा-कार्नेइरो याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. हा घाव पेसोआच्या जिव्हारी लागला.

५

भाषांतराचे काम या सर्व काळात चालूच होते. १९१५-१६ मध्ये त्याने लेडबीटर, ॲनी बेझंट आणि ब्लाव्हाट्स्की यांचे थिऑसफीविषयक ग्रंथ इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये आणले. मद्रासजवळील अड्यारहून जगभर पसरलेला हा विचार अशा रीतीने लिस्बनच्या एका भाड्याच्या खोलीतून पोर्तुगीज वाचकांपर्यंत गेला. या ग्रंथांनी त्याच्या मनात खोल खळबळ उडविली. त्याची गूढविद्येची ओढ पुढे वाढतच गेली.

त्याची सर्वांत प्रसिद्ध भाषांतरे पोच्या कवितांची. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आतेना’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात ‘द रेव्हन’चे भाषांतर आले, आणि १९२५ च्या आरंभी ‘ॲनाबेल ली’ आणि ‘युलालूम’ यांची. ब्राझीलच्या माशादो द आसिस याने ‘द रेव्हन’ १८८३ मध्येच पोर्तुगीजमध्ये आणली होती, पण मूळ छंद त्याने सोडून दिला होता. पेसोआने प्रतिज्ञापूर्वक मूळ लय राखली. मूळ कवितेतील मृत प्रेयसीचे नाव त्याने गाळले, परंतु पावलांचा ठेका मोडू दिला नाही. यात त्याची भूमिका स्पष्ट होते. कवितेचा अर्थ हे तिचे मन आणि लय हा तिचा देह, आणि नाव गेले तरी चालेल पण देह गेला तर कविता गेली, असे त्याला वाटत असावे. शाळेत बक्षीस मिळालेल्या ग्रंथातील कवीला वीस वर्षांनी त्याने आपल्या भाषेत असा नवा देह दिला.

जाहिरातीच्या धंद्यातील एक प्रसंगही येथे नोंदविण्याजोगा आहे. १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोला हे पेय पोर्तुगालमध्ये आणण्याचा प्रयत्न झाला, आणि तो व्यवहार पाहणाऱ्या कचेरीसाठी पेसोआने एक घोषवाक्य रचले. पेय प्रथम परके वाटते आणि मग आतड्यांत मुरते, असा त्याचा आशय. त्यातील दोन क्रियापदे एकाच अक्षराच्या फरकाने वेगळी आहेत, आणि दुसऱ्यात ‘एन्त्रान्यास’ म्हणजे आतडी हा शब्द लपलेला आहे. इंग्रजीत हे खेळणे साधणार नाही. मराठीत मात्र ‘अंगवळणी पडणे’ हा प्रयोग त्याच्या अगदी जवळ जातो. पेय पोर्तुगालमध्ये तेव्हा येऊ शकले नाही, वाक्य मात्र राहिले. परकी गोष्ट आतड्यांत मुरण्याची प्रक्रिया त्याने स्वतः अनुभवलेली होती.

प्रेमाच्या प्रसंगीही परभाषा त्याच्या मदतीला धावली. १९१९ च्या अखेरीस एका कचेरीत नोकरीस आलेल्या एकोणीस वर्षांच्या ओफेलिया केइरोज हिच्याशी त्याची ओळख झाली. तिचे नाव ओफेलिया, म्हणून त्याने हॅम्लेटच्या उद्गारांचा आधार घेऊन तिच्यापुढे प्रेम प्रकट केले. ही हकिगत तिनेच पुढे सांगितली. १९२० मध्ये काही महिने आणि पुन्हा १९२९ मध्ये अल्पकाळ हा पत्रव्यवहार चालला. विवाह झाला नाही. त्याच सुमारास, १९२० मध्ये, विधवा झालेली आई आफ्रिकेतून परत आली आणि पाच वर्षे त्याच्याजवळ राहून १९२५ मध्ये वारली.

१९३० च्या सप्टेंबरमध्ये इंग्रज गूढविद्याविशारद ॲलिस्टर क्रोली लिस्बनला आला. कास्काइसजवळ समुद्रकिनाऱ्यावर ‘बोका दो इन्फेर्नो’, म्हणजे नरकाचे तोंड, नावाची एक खडकाळ कपार आहे. तेथे क्रोलीने आत्महत्येचा बनाव रचला, आणि पेसोआने त्यात त्याला साह्य केले. वृत्तपत्रांत खळबळ उडाली आणि क्रोली सुखरूप देशाबाहेर निघून गेला. त्याच्या एका इंग्रजी स्तोत्राचे पेसोआने केलेले भाषांतर १९३१ मध्ये ‘प्रेझेन्सा’ या नियतकालिकात आले. १९३२ मध्ये कास्काइसच्याच एका संग्रहालयात ग्रंथपालाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला. ती जागा त्याला मिळाली नाही.

६

त्याच्या हयातीत पोर्तुगीज कवितेचे त्याचे एकच पुस्तक निघाले, ते म्हणजे १९३४ च्या डिसेंबरमधील ‘मेन्साजेम’. पोर्तुगालच्या इतिहासावरील चव्वेचाळीस कवितांचा हा ग्रंथ शरीरप्रतिमांवरच उभा आहे. एका विभागात ग्रिफिन या काल्पनिक प्राण्याचे मस्तक म्हणजे नाविकांना प्रेरणा देणारा राजपुत्र हेन्री, आणि त्याचा एक पंख म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क. गोमंतकाचा इतिहास ज्यांच्या पूर्वजांनी त्या पंखाच्या सावलीत भोगला, आणि १९६१ मध्ये ती सावली हटलेली पाहिली, त्या वाचकांना ही प्रतिमा निर्विकारपणे वाचणे कठीण आहे, आणि ती तशी वाचण्याचे कारणही नाही. काव्याची थोरवी मान्य करूनही सांगितले पाहिजे की पंख ज्या भूमीवर उतरला तिचा आवाज या ग्रंथात नाही. मात्र हेही खरे की साम्राज्याच्या वर्तमान सत्तेशी कवीचे जमले नाही. १९३५ च्या फेब्रुवारीत गुप्त संघटनांवर बंदी घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याने उघड लेख लिहिला, आणि सालाझारच्या राजवटीपासून तो कायमचा दुरावला.

या ग्रंथाच्या पहिल्याच कवितेत युरोप खंड एका स्त्रीदेहासारखा कोपरांवर टेकून पहुडलेला आहे. एक कोपर इटलीत मागे टेकलेले, दुसरे इंग्लंडमध्ये कोन करून ठेवलेले. त्या इंग्लंडकडच्या हातावर चेहरा विसावलेला आहे, आणि पश्चिमेकडे टक लावून पाहणारा तो चेहरा म्हणजे पोर्तुगाल. ही कविता राष्ट्राविषयी आहे हे उघड आहे. परंतु कवीचे आयुष्य ठाऊक असलेल्या वाचकाला त्यात आणखी एक चित्र दिसते : चेहरा पोर्तुगीज, आणि त्याला आधार देणारा हात इंग्रजी. डर्बनची शाळा, शेक्सपीअर आणि डिकन्स, कचेरीतील इंग्रजी पत्रे या हाताने त्याला आयुष्यभर तोलून धरले. पण बोलायचे ते तोंड, पाहायचे ते डोळे दुसऱ्या भाषेचे होते. भाषांतरकाराचे याहून नेमके चित्र आमच्या पाहण्यात नाही. परक्या भाषेने आपला चेहरा होऊ नये, आधाराचा हात व्हावे, हे त्याला फार मोठी किंमत मोजून कळले.

१९३५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस पोटाच्या तीव्र वेदनांमुळे त्याला लिस्बनमधील फ्रेंच रुग्णालयात नेण्यात आले. २९ तारखेला त्याने शिसपेन्सिलीने एक छोटे वाक्य लिहिले, उद्याच्या अनिश्चिततेविषयीचे. ते इंग्रजीत होते. ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या खोलीतील पेटीत पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले. आज ते पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांतून जुळविलेला ‘अस्वस्थतेचा ग्रंथ’ १९८२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. १९८५ मध्ये त्याचे अवशेष व्हास्को द गामाची समाधी असलेल्या जेरोनिमोस मठात हलविण्यात आले.

शेवटचे लिखित वाक्य इंग्रजीत असले तरी त्याचे शेवटचे उच्चारलेले शब्द पोर्तुगीजमध्ये होते असे सांगतात. दृष्टी अंधुक झाली तेव्हा त्याने आपला चष्मा मागितला. उद्याचा विचार करण्यासाठी त्याला इंग्रजी पुरली. डोळ्यांना दिसेनासे झाले तेव्हा मात्र आईची भाषाच तोंडी आली.